मेंढी ‘सुधारित’ म्हणावी का?

रामबागकर: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी एक विज्ञानलेख मराठीत आणतेय. विषय: जनुकांत फेरफार करून मेंढीची लोकर वाढवणं. मी ‘जनुकीय सुधारित मेंढी’ लिहिलं, संपादकांनी ‘सुधारित’ खोडलं. सुधारणा झाली हे आधीच कसं ठरवलंस, म्हणाले. बीटी कापसापासून शब्द रुळलाय की! तुम्ही काय लिहाल?

तात्या: संपादकांचं बरोबर आहे. ‘जनुकसंस्कारित’मध्येही कौतुकच येतं. सरळ ‘जनुकबदल केलेली’ लिहा.

सुमेधा: आधी प्रयोग कोणता ते सांगा. न्यूझीलंडमध्ये आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचं जादा जनुक घातलं होतं. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, लोकर साधारण ६ टक्के जास्त निघाली. तिथे ‘जनुकरोपित’ शोभेल. चीनमध्ये मात्र क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या तंत्राने, एफजीएफ५ हे जनुक निकामी केलं. केसाची वाढ थांबवणारं जनुकच बंद पडलं, म्हणून लोकर लांब झाली. रोपलं काहीच नाही!

रामबागकर: लेखात दोन्ही आहेत. शिवाय ऑस्ट्रेलियातला तिसरा. लोकरीला गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर लागतं, पण चाऱ्यातली प्रथिनं कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतूच मोडून टाकतात. म्हणून सिस्टीन बनवणारी जिवाणूंची जनुकं मेंढीत घालून पाहिली. तिन्हींना चालेल असा शब्द हवाय.

मल्हारगंज: आमच्याकडे लोकरीला ‘ऊन’च म्हणतात. आई अजून ‘उनाचा गोळा आण’ म्हणते.

बडोदेकर: ऊन अंगणात पडतं, मेंढीवर लोकर असते. बडोद्यात गुजराती ‘ऊन’ दिवसभर कानावर पडतं, तरी घरात आम्ही लोकरच म्हणतो. एवढं तरी जपायला हवं.

मल्हारगंज: हे ऊन संस्कृत ‘ऊर्णा’वरून आलं, उन्हाळ्यातलं ‘उष्ण’वरून. दोन वेगळे शब्द आहेत. तीन-चार पिढ्या घरात बोललेला शब्द परका कसा?

तात्या: होळकर मुळात धनगर. त्यांच्या गावात शब्द धनगरांकडूनच घ्यावा. कोकराची पहिली कातरण म्हणजे ‘जावळ’. त्या मऊ लोकरीच्या घोंगडीला मान वेगळाच.

बडोदेकर: जावळ तर बाळाचं काढतात!

तात्या: कोकरू बाळच की. पहिल्या केसांना दोन्हीकडे एकच शब्द, हेच तर मला मोलाचं वाटतं.

रामबागकर: मंडळी, ‘सुधारित’चं काय? अंक छपाईला जायचाय.

सुमेधा: ‘जनुकबदल’ही अपुरा वाटतो. फलटणच्या सुवर्णा मेंढीत जुळी कोकरं देणारं जनुक बंगालच्या गारोळ जातीकडून आलं, तेही निव्वळ संकरातून. तिलाही जनुकबदल केलेली म्हणायचं?

मल्हारगंज: तिला ‘संकरित’ म्हणतात. पण तात्या, कातरण की कातरणी?