मदत हवी आहे: अँड्रॉइड ओपन सोर्स, मग बँकेचं ॲप का अडतंय?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. बाबांच्या फोनला कंपनीने दोन वर्षांतच अपडेट देणं बंद केलं. फोन ठणठणीत होता, म्हणून दिवाळीत बूटलोडर (फोन सुरू होताना कोणती सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप) अनलॉक करून लिनेजओएस (अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर बनवलेली दुसरी सिस्टिम) टाकलं, वर गूगलची ॲपही. सगळं झकास चालायलंय, फक्त बँकेचं ॲप उघडलं की "हे उपकरण सुरक्षित नाही" अशी तांबडी पट्टी येते आणि ॲप बंद.

मोंढ्यातून सोयाबीनचे पैसे बाबांच्या खात्यात येतात. आले का, हे ते फोनवरच बघायचे. आता रोज ऐकवतात, "चांगला चालायला होता की फोन, कशाला हात लावलास?"

गंमत बघा, मूळ सिस्टिमवर तीन वर्षं जुना सुरक्षा पॅच होता तेव्हा ॲप मुकाट चालायचं. आता पॅच गेल्या महिन्याचा आहे तर फोन असुरक्षित!

अँड्रॉइडचा कोड अपाची 2.0 या, कुणालाही कोड वापरू-बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला आहे, एवढं ठाऊक आहे. पण 2011 मध्ये हनीकोंब या आवृत्तीचा कोड गूगलने कित्येक महिने रोखला होता, आणि 2025 पासून सगळं काम कंपनीच्या आतल्या शाखेतच चालतं. कोड बाहेर येतो तो आवृत्ती निघाल्यावर. स्वयंपाक बंद दाराआड, पंगत तेवढी सगळ्यांना. असो. बूटलोडर परत लॉक केला तर ॲप चालेल का?

प्रतिसाद, नांदेडहून:
अजिबात लॉक करू नका! लिनेज असताना लॉक केला तर बहुतेक फोनची वीट होते, म्हणजे फोन चालूच होत नाही. तुम्हाला अडवतंय ती गूगलची प्ले इंटिग्रिटी ही तपासणी. बूटलोडर बंद आहे का, सिस्टिम प्रमाणित आहे का, हे ॲप गूगलकडून विचारून घेतं. ते काम फोनवरच्या गूगलच्या प्ले सर्व्हिसेसचं, आणि त्या खुल्या कोडमध्ये कधी नव्हत्याच. कंपनीची मूळ सिस्टिम परत टाकून मग लॉक केलात तर ॲप चालायला हवं. तोवर बाबांना *99# फिरवून खातं बघायला शिकवा. नंबर बँकेत नोंदवलेला असला आणि यूपीआय पिन असला की शिल्लक कळते, इंटरनेटही लागत नाही.

धागाकर्ता:
*99# चाललं, आभार! बाबा आता दिवसातून चारदा शिल्लक बघायलेत. मूळ सिस्टिम मात्र परत टाकवत नाही राव. आणखी एक: कर्नेल (सिस्टिमचा गाभा) तर जीपीएल या परवान्याखाली आहे, म्हणजे मागितल्यावर त्याचा कोड कंपनीने द्यायलाच हवा ना? मेल टाकून महिना झाला, उत्तर नाही. कुणी असा कोड मिळवलाय का?