मदत हवी आहे: वडिलांचा जुना पीएफ नंबर सापडत नाहीये

नमस्कार मंडळी. आम्ही परतूरचे. वडील १९९८ ते २०१० वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर होते. कंपनी कधीच बंद पडली, शेडला कुलूप आहे. आता वडिलांना ५८ पूर्ण झाले. नोकरी १० वर्षांच्या वर झाल्यामुळे पेन्शन बसते, असं गावातले एक सर म्हणाले, तेव्हा कुठं आमची शोधाशोध सुरू झाली.

अडचण नंबरची आहे. यूएएन, म्हणजे पीएफचा प्रत्येकाचा एकच कायमचा नंबर, २०१४ ला आला, म्हणजे वडिलांची नोकरी सुटल्यावर. त्यामुळं तो १२ आकडी नंबर त्यांना मिळालाच नाही. पीएफच्या पोर्टलवर आधार टाकून पाहिलं, रेकॉर्ड सापडत नाही म्हणतंय. माळवदावरच्या पत्र्याच्या पेटीत एकच पगारपत्रक निघालं, तेही वाळवीनं खाल्लेलं. त्यावरच्या पीएफ नंबरातलं सुरुवातीचं एमएच आणि कंपनीच्या कोडचे चार आकडे वाचता येतात, पुढं भोक. नेमका मेंबर नंबर, म्हणजे वडिलांचा स्वतःचा आकडा, तिथंच होता! आई म्हणते, "रद्दीत घालू नका म्हणून किती बोंबलले होते."

अजून एक: कंपनीत नाव वडिलांच्या टोपणनावानं लागलं होतं, आधारवर वेगळं आहे.

कुणी असा नंबर काढलाय का? कंपनीच्या नावावरून कोड शोधून, जन्मतारीख नि वडिलांच्या वडिलांचं नाव देऊन पीएफ ऑफिसात मेंबर नंबर काढून देतात का? सोबत काय कागद न्यायचे? जुन्या सोबतीच्या पगारपत्रकाचा उपयोग होईल का? एक काका शेंद्र्याला आहेत, त्यांच्याकडं असेल.

संभाजीनगरला एक चक्कर म्हणजे वडिलांची रोजी बुडते, म्हणून आधी विचारतोय.