तरुण वळले हे कशावरून?

निवडणुकीबद्दल असा दावा केला जातोय की गावात तरुण जास्त असलेल्या वस्त्यांत सत्ताधाऱ्यांच्या मतांची टक्केवारी वाढली, म्हणजे तरुण तिकडे वळले. एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. गटाच्या आकड्यांवरून त्यातल्या माणसांबद्दल निष्कर्ष काढण्याची हीच गफलत रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाखवली होती. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत स्थलांतरित जास्त असलेली राज्यं जास्त साक्षर दिसत होती, पण माणसागणिक पाहिलं तर स्थलांतरितच कमी साक्षर होते! इथेही त्या वस्त्यांतल्या वयस्करांनी मत बदललं असेल, किंवा विरोधी मतदार घरीच बसला असेल. समजा, एका केंद्रावर सत्ताधाऱ्यांना आधी पडलेल्या ६०० पैकी ३०० मतं होती, आता ४५० पैकी ३००. टक्केवारी ५० वरून जवळपास ६७, पण मत एकही वाढलेलं नाही. आधी प्रत्यक्ष मतं मांडा, मग तरुणांबद्दल बोलू.