विलफ्राँशला बोट थांबली की एझ गावात रेल्वे-बसने जावं का? माझं मत: जावं, पण परतीचा हिशेब आधी

किनारेकर (धागाकर्ता)

भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ फ्रान्समध्ये विलफ्राँश-सुर-मेरच्या खाडीत दिवसभर थांबतात. तिथून एझ हे डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव सरळ रेषेत जेमतेम पाच किलोमीटर, पण समुद्रापासून सुमारे 430 मीटर उंच. बोटीवरचे लोक बहुधा दोन टोकांना असतात. एक म्हणतात बोटीचीच टूर घ्या, दुसरे म्हणतात स्टेशन जवळच आहे, काय त्यात एवढं. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे असं मला वाटतं.

मार्ग असा. इथे बोट धक्क्याला लागत नाही. खाडीत नांगर टाकते आणि टेंडरने, म्हणजे छोट्या होड्यांनी, किनाऱ्यावर सोडते. उतरल्यावर समुद्र उजवीकडे ठेवून मारिनिएर पुळणीच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालायचं. पुळणीच्या वरच्या अंगाला पायऱ्या चढून स्टेशन. तिथे मोनाको, माँतों किंवा व्हेंतिमिलियाकडे जाणारी ‘तेएर’ म्हणजे लोकल पकडायची. मधे बोलिए, मग एझ-सुर-मेर. सात-आठ मिनिटांचा प्रवास.

इथे पहिली फसगत होते. एझ-सुर-मेर स्टेशन समुद्रसपाटीला आहे, गाव डोक्यावर. स्टेशनाबाहेरून 83 नंबरची बस सुमारे पंधरा मिनिटांत वर नेते. ही बस साधारण तासाला एक. लोकलचं तिकीट बसला चालत नाही, वेगळं काढावं लागतं. दोन्ही धरून जाऊन-येऊन माणशी दहा युरोंच्या आत काम होतं.

माझा मुद्दा इतकाच: या प्रवासात लोकलची काळजी करण्यात अर्थ नाही, ती चुकली तर अर्ध्या तासात दुसरी येते. सगळा धोका 83 मध्ये आहे. म्हणून ती बस चढताना वापरावी, उतरताना तिच्यावर विसंबू नये. उतरायला गावापासून थेट स्टेशनापर्यंत पायवाट आहे. ती ज्यांना उतरता येते त्यांनी टूरवर पैसे घालू नयेत.

सावधपंत

असहमत. टेंडर, लोकल, बस, पायवाट अशा चार कड्या तुम्ही जोडल्यात आणि साखळीला शेवटी बोटीची घड्याळ-वेळ बांधलीत. बोटीच्या टूरची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुमची 83 उशिरा आली तर थांबत नाही, आणि पुढचं बंदर गाठण्याचा खर्च तुमचा. टूरच्या किमतीत खरी विकत मिळते ती ही हमी, गाडीतली सीट नव्हे.

दुसरं, टेंडरचा क्रम. सकाळी टूरवाल्यांना आधी सोडतात. बाकीच्यांना नंबरचा कागद घेऊन बसून राहावं लागतं. बोट आठला नांगर टाकते म्हणून तुम्ही आठला विलफ्राँशमध्ये असाल हे गृहीतच चुकीचं. साडेनऊ-दहा सहज होतात. मग पावणेदहाच्या लोकलवर बांधलेली सगळी गणितं पाण्यात.

किनारेकर

टेंडरचं म्हणणं मान्य, म्हणूनच हिशेब उलट्या दिशेने करायचा. समजा ‘सगळे बोटीवर’ची वेळ 17:30 आहे. ती बोटीवर पाय ठेवण्याची वेळ, जेट्टीवर पोचण्याची नव्हे. शेवटच्या तासात टेंडरसाठी लांब रांग लागते, तेव्हा जेट्टीवर 16:15 ला असायचं असं ठरवा. गावातून 14:00 ला निघालात तर:

पायवाटेने उतरायला धरा एक तास, 15:00. लोकलची वाट जास्तीत जास्त अर्धा तास, 15:30. विलफ्राँश 15:40. चालत जेट्टी 15:55. वीस मिनिटं शिल्लक आणि त्यापुढे टेंडरसाठी सव्वा तास.

आता हेच 83 वर विसंबून करा. बस नुकतीच गेली असेल तर साठ मिनिटं थांबणं, पंधरा उतरणं, तीस लोकलची वाट, दहा प्रवास, पंधरा चालणं. एकूण 130 मिनिटं, म्हणजे 16:10. तेही बस वेळेवर आली आणि तिच्यात जागा मिळाली तर. म्हणून म्हणतो, बसने उतरायचंच असेल तर निघायची वेळ एक वाजताची धरा.

गुडघेपुराण

‘पायवाट आहे’ हे वाक्य फार सहज लिहिलंत. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे नीसमध्ये राहत असताना हा चढ चढत असे, त्याच्याच नावाने वाट ओळखली जाते, त्यामुळे ऐकायला रम्य वाटतं. प्रत्यक्षात दोनेक किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. चुनखडीचे सुटे खडे, उंच-सखल पायऱ्या, काही पायऱ्या गुडघ्याला झटका देतील इतक्या खोल. अर्धी वाट उघड्यावर, दक्षिणाभिमुख, दुपारी दगड तापतात. साध्या चपलेत किंवा गुळगुळीत तळाच्या बुटात पाय घसरतो. घोटा मुरगळला तर मधे कुठे गाडी पोचत नाही.

आणि क्रूझवर कोण असतं बघा. बरेच साठीपुढचे, शिवाय बाबागाडीवाले. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन तर गावातसुद्धा काही जमत नाही. आत वाहनं नाहीतच, गल्ल्या दगडी आणि पायऱ्यापायऱ्यांच्या.

कातळकडा

वाटेबद्दलचं वर्णन खरं आहे, निष्कर्ष नाही. ज्याला तास-दीड तास ओबडधोबड पायऱ्या उतरता येतात त्याच्यासाठी ही वाट म्हणजे वेळापत्रक नसलेली बस. कधीही सुटते, भरत नाही. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. एक, वाटेची सुरुवात वर चढतानाच बघून ठेवावी. ती शेव्हर द ऑर हॉटेलच्या प्रवेशापाशी आहे आणि घाईत सापडत नाही. दोन, माणशी लिटरभर पाणी, कारण मधे पाणी नाही.

चढून जाण्याचा हट्ट मात्र क्रूझच्या दिवशी नको. सव्वा ते दीड तास जातो, वर पोचेपर्यंत माणूस दमलेला, आणि मग गाव बघायचं सोडून सावली शोधत बसतो. बसने वर, पायी खाली, हा क्रम बरोबर.

ओल असताना वाट नाही म्हणजे नाही. ओला चुनखडक साबणासारखा होतो. जोराच्या पावसानंतर दगड सुटले की वाट बंदही ठेवतात. स्टेशनाकडच्या टोकाला फलक असेल तर वर जाण्याआधीच कळतं, म्हणून बसथांब्यावर उभं राहण्यापूर्वी रस्ता ओलांडून तेवढं पाहून यावं.

गुडघेपुराण

बरोबर, मग ओल्या दिवशी काय? धागाकर्त्याने फक्त एक हातचा राखलाय आणि तोच पावसात जातो.

दुसरा हातचा गावातच आहे, पण त्याबद्दल इथे कुणी बोलत नाहीये. एझ गाव मधल्या घाटरस्त्यावर, मोयेन कॉर्निशवर आहे. तिथून 82 आणि 602 या बस नीसला व्होबाँ थांब्यापर्यंत जातात. 83 चुकली तर यांपैकी जी आधी येईल ती घ्यावी, व्होबाँला उतरून 1 नंबरच्या ट्रामने गार तिएर, म्हणजे नीसचं मुख्य स्टेशन, आणि तिथून मोनाकोच्या बाजूची लोकल. विलफ्राँश काही मिनिटांवर. उलटा फेरा पडतो, पण डोंगरावर अडकून पडण्यापेक्षा लोकल सापडेल अशा ठिकाणी असणं केव्हाही बरं. 602 प्रादेशिक ‘झू’ सेवेची आहे, तिचं तिकीट शहर-बसच्या तिकिटापेक्षा वेगळं.

एक सापळा: 82 विलफ्राँशच्या डोक्यावरच्या खिंडीतून जाते. नकाशात ते जेट्टीच्या अगदी वर दिसतं, म्हणून लोक तिथे उतरतात. तिथून खाली बंदरापर्यंत मोठा उतार आहे, वळणावळणाचा रस्ता आणि मधे जिने. पायी उतरू शकणाऱ्यालाच ते जमेल, आणि तो माणूस असा फेरा मारून कशाला येईल? बाकीच्यांनी सरळ नीस गाठावं.

सावधपंत

हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. तीन पर्याय, तीन तऱ्हेची तिकिटं, एक ट्राम. सुट्टीवर आलेल्या माणसाने हे पाठ का करावं?

वेळापत्रकवाचक

पाठ करायचं नाही, आदल्या दिवशी दोन पानं उतरवून घ्यायची. चुका कुठे होतात ते सांगतो.

वेळापत्रकात ‘दिमाँश ए जूर फेरिए’ असा वेगळा रकाना असतो, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची रांग असते: 1 मे, 8 मे, शिवाय ईस्टरवर अवलंबून असणाऱ्या असेन्शन आणि पेंटेकॉस्टचा सोमवार यांपैकी बहुधा एकदोन मेमध्येच येतात. बोट मंगळवारी थांबली म्हणून आठवड्याचा रकाना वाचावा आणि तो निघावा 8 मे, असं होतं. 1 मेला तर बस असेलच हे गृहीत धरू नये.

संप म्हणजे ‘ग्रेव्ह’. घाबरायचं कारण नाही, कारण फ्रान्समध्ये 2007 च्या कायद्यानुसार वाहतुकीतल्या कर्मचाऱ्याला संपात उतरणार असल्याचं 48 तास आधी कळवावं लागतं आणि कोणत्या गाड्या धावणार हे प्रवाशांना आदल्या दिवशी समजतं. रेल्वेचा दुसऱ्या दिवसाचा बेत संध्याकाळी पाचच्या सुमारास जाहीर होतो. तेव्हा आदल्या संध्याकाळी बोटीवरून एकदा बघा. संप असेल तर मात्र सावधपंतांचं ऐका.

स्टेशनावरचं यंत्र चिपचं कार्ड आणि नाणी घेतं, नोटा बहुधा घेत नाही. टेंडरमधून एकदम पन्नास माणसं उतरली की त्या यंत्रापुढे रांग लागते आणि डोळ्यांदेखत गाडी जाते. तिकीट फोनवर आधीच काढावं, जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही. बससाठी सुटे जवळ असू द्या; चालकाला पन्नासची नोट दाखवू नका.

आणि हो, फलाटावर एझ असं शोधू नका. पाटीवर शेवटचं स्टेशन दिसतं: जाताना व्हेंतिमिलियाचं फ्रेंच रूप विंतिमील किंवा माँतों, येताना नीस, कान, ग्रास वगैरे. गाडी एझला थांबते का ते मधल्या थांब्यांच्या यादीत पाहावं.

कातळकडा

त्यात एक भर. संध्याकाळच्या गर्दीची दिशा लक्षात घ्या. मोनाकोत काम करणारे हजारो लोक पाचनंतर नीसकडे परततात, आणि आपली परतीची गाडी तीच. एझला ती येते तेव्हा आधीच भरलेली असते. चारच्या आत परत फिरण्याचं हे दुसरं कारण. खिसेकापूंसाठी ही लाइन बदनाम आहे, पाठीवरची सॅक पुढे घ्या. मोनाकोत ग्राँ प्री मोटारशर्यतीचा आठवडा असेल तर लोकलचा नाद सोडा.

सावधपंत

ठीक. थांबा दहा तासांचा, दिवस कोरडा, संप नाही आणि पाय धड, एवढं सगळं जुळलं तर माझा विरोध मागे. पण थांबा सहा-सात तासांचा असेल तर? 17:30 च्या जागी 15:00 घालून तुमचंच गणित करा. गावातून साडेअकराला निघावं लागेल. दहाला टेंडर मिळालं तर तुम्ही वर पोचाल अकराला. अर्ध्या तासासाठी?

किनारेकर

अशा दिवशी एझला जाऊच नये, टूरनेही नाही. टूरच्या बसगाड्या गावाखालच्या एकाच वाहनतळावर लागतात, दहा ते बाराच्या दरम्यान गल्लीत खांद्याला खांदा लागतो. शिवाय बऱ्याच टूरमध्ये मोनाको आणि नीस कोंबलेलं असतं, एझच्या वाट्याला तासभर. गाव नीट बघायला दीड ते दोन तास लागतात. त्यातला पाऊण तास माथ्यावरच्या निवडुंगांच्या बागेचा. चौदाव्या लुईच्या हुकमाने 1706 मध्ये पाडलेल्या किल्ल्याच्या अवशेषांभोवती 1949 मध्ये ती बाग केली. प्रवेशशुल्क आहे, पण एझला येऊन ते वाचवणं म्हणजे पंगतीला बसून उपास धरणं. खरा देखावा तिथूनच दिसतो. गल्ल्यांमधून समुद्र तुकड्यातुकड्याने दिसतो.

मधला मार्ग म्हणून टॅक्सी कुणी सुचवली नाही याचं आश्चर्य वाटलं. चौघे असाल तर वर जाताना टॅक्सी, खाली येताना पायवाट. सकाळी बंदरावर टॅक्सी मिळण्याची शक्यता असते, दुपारी गावात मिळेलच असं नाही.

गुडघेपुराण

टॅक्सीचे पैसे उलट बाजूला लावा. सकाळी बस चुकली तर तास बुडतो, दुपारी चुकली तर बोट. ज्यांना उतरता येत नाही त्यांनी 83 ने वर जावं आणि दुपारची टॅक्सी सकाळीच वेळ देऊन ठरवून ठेवावी, गावाखालच्या वाहनतळाशी भेटण्याच्या बोलीवर. ती आली नाही तरी 82 आणि 602 त्याच रस्त्यावरून जातात.

वेळापत्रकवाचक

लोकल बंद पडली, म्हणजे रुळावर बिघाड वगैरे, तर एझ-सुर-मेरच्या खालच्या रस्त्यावरून 607 नीसकडे जाते. विलफ्राँशला ‘ओक्त्रुआ’ थांब्यावर उतरायचं, तिथून जेट्टी उतारावर दहा मिनिटं. फक्त ती मोनाकोकडून भरून येते आणि पूर्ण भरली असेल तर चालक थांबत नाही. थांब्यावर हात दाखवावा लागतो, नुसतं उभं राहून चालत नाही.