कातळावर गरवायला बूट: स्वस्त कॅनव्हासला फेल्ट लावा, महागडे वेडिंग बूट नकोत

कातळवाट:
अलिबागपासून देवगडपर्यंत किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनी (गळाने मासे धरणाऱ्यांनी) परदेशी वेडिंग बुटांवर (पाण्यात उतरून चालायच्या बुटांवर) हजारो रुपये घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते बूट थंड नद्यांसाठी, वेडरच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या लांब विजारीच्या) जाड निओप्रीन (फोमसारख्या रबराच्या) मोज्यावर घालायला बनतात. आपल्याकडे पाणी कोमट, वेडर लागतच नाही. मग नेहमीच्या नंबरचा बूट आत सैल पडतो आणि टाच सोलून निघते.

त्यापेक्षा घोट्याच्या वर येणारे, रबरी तळाचे कॅनव्हास जंगल बूट घ्या आणि तळाला १० मिमी जाडीचं पॉलिएस्टर फेल्ट (धागे दाबून केलेलं नमद्यासारखं कापड) चिकटवा. आधी नक्षीचे उंचवटे कापून तळ सपाट करा, ६० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा. मोच्याकडचं सोल्यूशन (चिकटवण) तळाला आणि फेल्टला दोन-दोन हात लावा. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा, हातोडीने ठोका, २४ तास वजनाखाली ठेवा. फेल्टचे धागे शेवाळाच्या बुळबुळीत थरातून खाली दगडापर्यंत जातात. साधं रबर त्या थरावरूनच घसरतं.

कालवं_आणि_खडक:
शेवाळापुरतं बरोबर. पण ओहोटीला उघडा पडणारा कातळ सगळाच शेवाळी नसतो. कालवं आणि बार्नॅकलच्या (खडकाला चिकटलेल्या धारदार कवचाच्या जीवांच्या) धारेवर फेल्टच्या चिंध्या होतात, रत्नागिरीच्या खरबरीत जांभ्यावर तर लवकरच. शिवाय कातळावर पोचायला चिखलाची किंवा ओल्या गवताची उतरण असली, तर फेल्ट चिखलाने भरतं आणि पकड जाते.

माझी शिफारस: मऊ रबराचा, खोल नक्षीचा तळ आणि त्यात टंगस्टन कार्बाइड टोकाचे, स्क्रूसारखे फिरवून बसवायचे खिळे. एका बुटाला १२ ते १५ पुरतात, कडेच्या उंचवट्यांत बसवा. चवड्याच्या मध्यभागी नको, तिथे दाब थेट पायाला लागतो. स्क्रूची लांबी तळाच्या जाडीपेक्षा ३ मिमी तरी कमी हवी. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजतात, स्टेनलेसची डोकी बसाल्टवर झिजतात.

अजून एक गोष्ट. न्यूझीलंडच्या नद्यांत डिडिमो शेवाळ २००४ साली सापडलं आणि २००८ साली तिथे मासेमारीला फेल्टचे तळ बंद केले, कारण फेल्ट ओल धरून ठेवतं आणि त्यातून जीव दुसऱ्या पाण्यात जातात. खाडीवर वापरलेलं फेल्ट आठवड्याने धरणावर नेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

गरी_दोरी:
दोघांनी स्वस्तातला तिसरा पर्याय सोडला. चारपाचशेच्या गमबुटालाच फेल्ट लावलं तर?

कातळवाट:
नको. बहुतेक गमबूट पीव्हीसीचे असतात. त्यातलं प्लॅस्टिसायझर (पीव्हीसी लवचीक ठेवणारं रसायन) सोल्यूशनला मऊ करतं आणि फेल्ट सुटतं. पीव्हीसीला पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवण लागतं. दुसरं, लाट आत शिरली की पाण्याला वाट नसते. पाण्यात असताना ते पाणी खाली ओढत नाही, पण वर चढताना प्रत्येक पायाला दोन-तीन किलो जास्त उचलावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच पुढची लाट येते.

न्यूझीलंडचा मुद्दा मान्य, त्या बंदीमागचं कारण योग्यच आहे. धरणासाठी वेगळा, रबरी तळाचा जोड ठेवा. पण पावसाळ्यात हिरव्या झालेल्या बसाल्टवर मी फेल्टच सुचवेन.

कालवं_आणि_खडक:
त्या हिरव्या बसाल्टवर जून-जुलैत कुठल्याच बुटाने उतरू नये. तिथे प्रश्न तळाचा नाही, उधाणाचा आहे. पावसाळा वगळला तर खिळेच.

गमबुटाबद्दल सहमत. खाडीच्या चिखलात तो रुततो आणि पाय तेवढा बाहेर येतो. तिथे घट्ट लेसचा बूट हवा. पाय उचलून टाकू नका, घासत सरका, म्हणजे वाळूत दबलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच हलते. तिच्या काट्यापुढे कॅनव्हास टिकत नाही.

कातळवाट:
मोज्यांचं राहिलं. सुती मोजे ओले झाले की फोड येतात. २ मिमीचे निओप्रीन मोजे घालूनच बूट मापा, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. पाणी निघायला दोन्ही बगलांना, तळाच्या लगेच वर, ५ मिमीची दोन-दोन भोकं पाडा आणि आतून बारीक जाळी शिवा, नाहीतर वाळू आत येऊन कातडी सोलते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं तर सोल्यूशन मऊ पडून फेल्टची कड उचलते.