नाखवा, तांडेल, सारंग : होडीवर मोठा कोण?

प्रश्न : कोकणातल्या दर्यावर्दींबद्दल वाचताना हे तीन शब्द सारखे भेटतात. कोशात पाहावं तर तिघांचा अर्थ जवळपास एकच. नेमका फरक काय?

— कोळ्यांत नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडी त्याची, जाळी त्याची. तो दर्यावर जाईलच असं नाही. पाण्यात हुकूम चालतो तांडेलाचा. जाळं कुठं सोडायचं, शीड कधी उतरवायचं, वारा फिरला तर माघारी कधी वळायचं, हे तो ठरवतो आणि खलाशी निमूट ऐकतात. लहान होडीवर नाखवाच तांडेल असतो, तिथं वादच मिटतो. 'नाखवा' आला फारसी 'नाखुदा'वरून : नाव अधिक खुदा, नावेचा धनी. जुन्या व्यापारी जहाजांवर नाखुदा स्वतः सफरीवर असे. आपल्याकडे त्यातलं धनीपण तेवढं उरलं, सफर तांडेलाकडे गेली.

सारंगाचं गणित निराळं. फारसी 'सरहंग' म्हणजे सेनानायक, आणि शिवकाळात 'दर्यासारंग' हा आरमारातला किताब. पद्मदुर्ग या जलदुर्गाला रसद पोचवण्यात हयगय केली म्हणून प्रभावळीच्या सुभेदाराला महाराजांनी झापलं, त्या पत्रात दर्यासारंग आणि आरमाराचा दुसरा सरदार दौलतखान जोडीनं येतात. इंग्रजांच्या आगबोटींवर मात्र सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि त्याच्या हाताखाली तांडेल. गावात होडीचा सर्वेसर्वा असलेला माणूस आगबोटीवर चढला की तांडेल म्हणूनच एक पायरी खाली! रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान खलाशांच्या कित्येक पिढ्या याच उतरंडीत राबल्या.

— पुरवणी : सरखेल विसरू नका. १७१३च्या तहानं शाहू महाराजांच्या बाजूला आल्यावर कान्होजी आंग्र्यांकडे कायम झालेलं ते पद अख्ख्या आरमाराच्या प्रमुखाचं. एका गलबतावरच्या माणसाला सरखेल म्हणणं म्हणजे हवालदाराला सेनापती म्हणण्यासारखं. कादंबऱ्यांतून हे फार दिसतं.

— मग मायनाक भंडारी? 'भंडारी' हाही हुद्दाच का?

— नाही हो, भंडारी ही जात. १६७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत खांदेरी बेटावर तटबंदी उभी करणारा तो हाच मायनाक. 'भंडारी'वरून त्याला कोठारावरचा कारकून ठरवू नका, एवढंच.