मदत हवी आहे : पंपाच्या खोलीत शीळकरी कस्तुराचं घरटं

नमस्कार मंडळी. आंबोलीला मामांच्या घरामागे ओढ्याला लागून पंपाची खोली आहे. तिथे वाशाच्या बेचक्यात शीळकरी कस्तुराने घरटं केलंय. शेवाळ, मुळं आणि चिखल यांची जाड वाटी, आत तीन गुलाबीसर ठिपक्यांची अंडी. मोबाइल उंच धरून एकदाच फोटो काढला, परत गेलो नाही.

पहाटे साडेपाचला शीळ सुरू होते, अगदी माणसासारखी, चुकतमाकत. मामी म्हणतात, "कोण पोरगा ओढ्यावर हिंडतोय बघ!" परवा हा पक्षी एक खेकडा दगडावर आपटत होता, उन्हात खांदे निळेशार चमकत होते.

अडचण अशी की पत्रे गळतात आणि जोराचा पाऊस धरायच्या आत ते बदलायचेत. अंडी १६-१७ दिवस उबवतात असं वाचलंय. पण पिल्लं उडून जाईपर्यंत किती दिवस धरावेत? मामा थांबायला तयार आहेत, गवंडी नाही. नुसता प्लास्टिकचा कागद टाकून भागेल का? आणि रोज तासभर मोटार चालते, त्या आवाजाने जोडी घरटं सोडेल का? कुणाच्या घरात यांनी घरटं केलं असेल तर कृपया अनुभव सांगा. घरटं उचलून हलवायचा सल्ला मात्र नको.